मांड

घोडामैदान जवळच होतं,
सात रस्त्यापासून चालत पंधरा मिनिटं.
तरी पोचायला मला सत्तेचाळीस वर्षं लागली.

पहाटे पावणेसहा, महालक्ष्मीचं रेसकोर्स.
हाजीअलीकडून खारट, जरासा कुजका वारा,
तबेल्यातून ओला भुसा, लीद, गूळ.
मुजावर मास्तर मिरजेचे, गुडघ्यात स्टीलचा खिळा,
पूर्वी जॉकी (आता वजन विचारू नये).
म्हणाले, बाई, ही कोयरी. कपाळावर बघा, आहे की नाही?
रेसबुकात हिचं लांबलचक इंग्रजी नाव होतं.
अकरा वेळा पळाली, एकदा तिसरी आली,
आता शिकवते.
मी ऐकलं : शिकते.

लगाम हातात आला तसा मी आवळला,
गर्दीत पर्स आवळते तसा, छातीशी, दोन्ही मुठींनी.
कोयरीनं मान उडवली, जबडा वासला.
'तिच्या तोंडात लोखंड आहे, बाई.
तुमच्या बोटापासून तिच्या जिभेपर्यंत एकच वादी.
ओढू नका. ओला स्पंज पिळतात तशी मूठ मिटा,
आणि तिनं ऐकलं की लगेच सोडा.
सोडणं म्हणजेच शाबास.'

टाच मारणे : शाळेतलं क्रियापद.
इतिहासाच्या पुस्तकात सगळेच मारत,
धूळ उडे, धडा संपे.
मीही मारली.
कोयरी उभीच. शेपटीनं माशी वारली.
'माशी बसली तरी जिची कातडी थरथरते
तिला लाथ कशाला? पोटरी लावा नुसती,
आत कुणीतरी झोपलंय आणि दार लोटायचंय, तशी.'

मी शिवडीच्या कोर्टात लघुलेखक.
बावीस वर्षं लोक बोलतात, मी खुणा करते.
खोकला लिहायचा नाही. थांबणं लिहायचं नाही.
हुंदका साहेबांनी सांगितला तरच.

तिसऱ्या महिन्यात मास्तरांनी लगामाला गाठ मारली,
तिच्या मानेवर टाकली. लंजची दोरी स्वतःकडे.
'हात कमरेवर. चाल... आता थांबवा.'
कशानं?
'बसा.'
बसलेच आहे की!
'नाही बाई. तुम्ही ठेवलेल्या आहात.'

एक फेरी. दुसरी. पाचवी.
वरळीकडचे टॉवर कमरेपर्यंत उजेडात आले,
पांढऱ्या कठड्यावर कावळा, त्याच्या चोचीत पावाचा तुकडा,
आणि मला माझी बसायची दोन हाडं सापडली,
इतकी वर्षं सरकारी खुर्चीत कधी न भेटलेली.
श्वास सुटला. पाठ आपली आपण खाली उतरली.
आणि साडेचारशे किलोंचं वाक्य
मध्येच, स्वल्पविरामावर, थांबलं.

मी काही म्हटलं नव्हतं.
तिचा एक कान मागे, माझ्याकडे,
पुढचं ऐकायला वळलेला.

निळ्या ताडपत्रीपाशी ती रोज बिचकते
ही माझी तक्रार जुनी.
मास्तर त्या दिवशी तंग सैल करता करता म्हणाले,
'ती नाही बिचकत. तिथं तुमच्या मांड्या आवळतात.
ती म्हणते, बाईला काहीतरी दिसलंय.'
घरी येऊन मी बराच वेळ आठवत बसले
की ताडपत्रीत मला काय दिसतं.
सांगता आलं नाही. तिला विचारायला हवं.

दुपारी साक्षीला एक बाई, माझ्याच वयाची.
'आणि मग त्यांनी...'
पुढे काही नाही.
वकील म्हणाले, बोला. जज्जसाहेब म्हणाले, मोठ्यानं बोला.
पट्टेवाल्यानंही खुणेनं सांगितलं, बोला.
कुणी सोडत नव्हतं.
टेबलाखाली माझी डावी पोटरी
आपसूक आत गेली, हलकेच.

खुर्ची अर्थातच हलली नाही.
वहीत बोटभर जागा कोरी ठेवून
मी पेन्सिल खाली ठेवली.
नखांत अजून आयाळीचा वास होता.